एकशे ब्याण्णव आरे

त्या दुकानात तारेचं एकच रीळ उरलं होतं, आणि त्याच्यावर दोन हात एकदम पडले.

एक हात तिचा, नखांत प्लास्टरची पांढरी पूड बसलेला. दुसरा लांब बोटांचा, अंगठ्यावर वॉर्निशचा तपकिरी डाग असलेला.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"अजून तरी दुकानदारांचं आहे," डागवाला म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त बारीक व्हायचा. तिने ते पाहिलं, आणि आपण ते कशाला पाहिलं म्हणून स्वतःवरच चिडली.

दुकानदाराने हात झटकले. "पाव मिलिमीटरची पोलादी तार आता पुढच्या महिन्यात. तुमचं तुम्ही ठरवा, मी मध्ये पडत नाही."

"मला व्हायोलिनला लावायचीय," तो म्हणाला. "जुनं वाद्य आहे, तयार तारा त्याला मानवत नाहीत. आणि तुम्हाला?"

"चाकांना."

"चाकांना?"

"रेसच्या गाडीच्या. एका चाकाला अठ्ठेचाळीस आरे. चार चाकं. एकशे ब्याण्णव. चाक एवढं—" तिने अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली.

"आणि ही गाडी चालवणार कोण... उंदीर?"

दुकानदार फिसकन हसला. ती हसली नाही. "माझ्या आत्याची गाडी आहे ती," ती म्हणाली, आणि ते अशा आवाजात म्हणाली की त्याचा हात रिळावरून आपसूक उचलला गेला.

"न्या," तो म्हणाला. "पण उरलीच, तर समोरच्या गल्लीत जिन्याखाली माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. हातभर उरली तरी पुरे."

"उरणार नाही."

"मग तेच सांगायला या."

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. कवळ्या, टोप्या, पुढचे दोन, मागचे चार. त्या शहरातली निम्मी माणसं तिच्या हातचे दात घालून हसत होती आणि तिला रस्त्यात ओळखतही नव्हती. हाताला तिच्या कमालीचं वळण, आणि डोक्यात एकदा एखादी गोष्ट घेतली की ती काढणं भल्याभल्यांच्या हातचं नव्हतं.

सध्या तिच्या डोक्यात गाडी होती. आईवडील गेल्यापासून ती आत्याबरोबर राहायची. आत्या त्र्याऐंशी वर्षांची, जीभ मात्र तिशीतलीच. गेल्या हिवाळ्यात दोघी कपाट आवरत असताना एका पाकिटातून तीन फोटो पडले. निळ्या रेसच्या गाडीत चामड्याची टोपी आणि मोठा गॉगल घातलेलं कुणीतरी बसलेलं.

"बाबा?" तिने विचारलं.

"तुझ्या बाबाचा हात प्लास्टरमध्ये होता त्या दिवशी," आत्या सहज म्हणाली. "ती मी आहे. तिसरी आले होते."

साठ वर्षं आत्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाच्या मोटार क्लबात बाईला शर्यतीत उतरायची परवानगी नव्हती, म्हणून ती भावाच्या नावावर धावली, आणि क्लबच्या भिंतीवरच्या पाटीवर भावाचंच नाव लागलं. गाडी पुढे भंगारात गेली. आता क्लब जुन्या गाड्यांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरवणार होता, सात आठवड्यांनी. भाचीने तिथल्या तिथे ठरवलं की ही गाडी तिथे उभी राहील. मूळ गाडीच्या आठव्या हिश्शाची, आणि खाली आत्याचं नाव.

अडचण एकच होती. तिन्ही फोटो उजव्या बाजूचे. डावी बाजू फक्त आत्याच्या आठवणीत.

आत्या खुर्चीत बसून हुकूम सोडायची. "बॉनेटला चामड्याचा पट्टा होता, दोन बोटं रुंद. नाही नाही, इतका नवा नको दिसायला. आणि धुराचा पाइप डावीकडून बाहेरून जायचा, थेट माझ्या बैठकीच्या पुढे."

"नक्की, आत्या?"

"अगं, उतरताना पोटरी भाजली माझी त्याच्यावर! आणखी किती नक्की हवंय तुला?"

पितळी पत्रा लाकडी साच्यावर ठोकून अंग झालं. रेडिएटरची जाळी तिने दात ओततात तशीच मेणाच्या साच्यातून ओतली. जुन्या हातमोज्याचं चामडं बैठकीला लागलं. सगळं झालं, पण चाकं काही केल्या सरळ होईनात. प्रत्येक आऱ्याच्या टोकाला मोहरीएवढी पितळी टोपी, ती फिरवली की आरा ताणला जायचा. एक ताणला की समोरचा ढिला. तो ताणला की चाक दारुड्यासारखं झुलायचं. पहिलंच चाक तिने सात वेळा ओवलं, सात वेळा उसवलं.

आठव्या वेळी तिने चाक रुमालात गुंडाळलं आणि ती जिन्याखालच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"तार उरली?" त्याने विचारलं.

"नाही. संपायची मात्र वेळ आलीय."

दुकानात सरस आणि देवदाराच्या भुशाचा वास होता. भिंतीवर पोटं उघडी पडलेली व्हायोलिनं टांगलेली. त्याने चाक दिव्याखाली धरलं, आणि बघण्याऐवजी कानाशी नेलं. नखाने एक आरा छेडला. मग दुसरा. मग तिसरा... त्याने तोंड वाकडं केलं.

"अहो, हे चाक नाहीये. हे भांडण आहे."

"म्हणजे?"

"प्रत्येक आरा वेगळ्या सुरात. ताण सारखा तर सूर सारखा. तुम्ही मोजत बसलात, ऐकलं नाहीत."

"मला सुरातलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "शाळेत प्रार्थनेला नुसते ओठ हलवायला सांगायचे मला."

तो इतका मनापासून हसला की तिलाही हसू आवरेना. मग त्याने एक पातळ लाकडी पट्टी तिच्यापुढे धरली. "एक टोक चाकाच्या कडेला टेकवा. दुसरं दातांत धरा. कानाला नाही कळलं तर हाडांना कळतं."

"दात हा माझा विषय आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

तिने पट्टी दातांत धरली. त्याने आरा छेडला— आणि तिच्या जबड्यातून, कपाळातून, मानेपर्यंत एक बारीक, स्वच्छ थरथर गेली. त्याने पुढचा छेडला. हा जाडसर लागला. तिचे डोळे मोठे झाले. तोंडात पट्टी असल्यामुळे तिला बोलता येईना, म्हणून तिने बोटाने दाखवलं... हा ढिला!

"वा," तो हळूच म्हणाला. त्याचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि ती थरथर आऱ्याचीच होती का, याची तिला क्षणभर खात्री वाटेना.

त्यानंतर रोज काम सुटलं की ती जिन्याखाली. एक टोपी पाव फेरा, छेड, ऐक. पुन्हा पाव फेरा. तो आपलं काम करता करता लांबूनच म्हणायचा, "एकतिसावा चढलाय." ती म्हणायची, "माहितीय, मी तिकडेच चाललेय." तो तिला 'चाकवाली' म्हणायचा, ती त्याला 'तारवाले'. दुसरं चाक चार दिवसांत झालं. तिसरं तीन दिवसांत. चौथं दोन दिवसांत व्हायला हवं होतं. त्याला आठ दिवस लागले, आणि का लागले हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

चौथं चाक आसावर सरळ फिरलं, तेव्हा त्याने ते बोटाने थांबवलं.

"मी पुढच्या गुरुवारी जातोय," तो म्हणाला. "व्हायोलिन घडवणारे एक म्हातारे कारागीर आहेत, इथून आठ तासांवर. वर्षभर शिकवायला तयार झालेत. पाच वर्षं त्यांच्या मागे होतो मी."

"छान," ती म्हणाली.

"आधी सांगायचं होतं, पण..."

"छानच आहे की."

ती घरी आली आणि बॉनेटला रंगाचा शेवटचा हात द्यायला बसली. रंगाला ओघळ आले. तिने तो घासून काढला. पुन्हा दिला, पुन्हा ओघळ.

"माझ्या गाडीवर कशाला राग काढतेस?" आत्या खुर्चीतून म्हणाली.

"राग नाहीये."

"हो, दिसतंय ना. ओघळ येताहेत."

रविवारी सकाळी गाडीची पेटी एका बाजूने तिने धरली, दुसऱ्या बाजूने त्याने. आत्या काठी टेकत पुढे चालत होती, जणू मिरवणूकच होती. क्लबच्या लांब दालनात टेबलं मांडलेली होती. चिटणीस टापटीप गृहस्थ होते. गाडी बाहेर निघाली तसे ते चष्मा कपाळावर चढवून वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"अप्रतिम," ते म्हणाले. मग त्यांनी तयार करून ठेवलेली पाटी आणली. तिच्यावर तिच्या बाबांचं नाव होतं.

"नाव चुकलंय," ती म्हणाली. "गाडी आत्याने चालवली होती. मी अर्जात लिहिलं होतं."

"वाचलं मी. पण पाटी क्लबच्या नोंदीप्रमाणे लागते. माझा इलाज नाही, ताई. पुराव्याशिवाय..."

ती टेबलापाशी गेली आणि दोन्ही हात गाडीखाली घातले.

"मग गाडी इथे राहणार नाही."

"अहो, तासाभरात लोक येतील! एवढी सुंदर प्रतिकृती—"

"माहितीय. सात आठवडे मीच केलीय ती."

  तेवढ्यात कुणीतरी शेजारी आलं. तारवाल्याने पेटी उचलून तिच्या पुढ्यात ठेवली आणि झाकण उघडून धरलं. त्याने तिची समजूत घातली नाही, 'जाऊ दे' म्हटलं नाही. बस, झाकण धरून उभा राहिला.

"थांबा जरा," आत्या म्हणाली. "चिटणीससाहेब, त्या वर्षीच्या मेकॅनिकची वही आहे का तुमच्याकडे? हिरव्या पुठ्ठ्याची?"

"जुन्या वह्या सगळ्या आहेत. पण त्या कुणी..."

"काढा. शर्यतीच्या दिवसाचं पान. तो मेकॅनिक बोलायचा कमी, पण खिळा पडला तरी लिहून ठेवायचा."

वही सापडायला वीस मिनिटं लागली. चिटणिसांनी पान काढलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तेल किती, टायर किती झिजले... आणि मध्येच त्यांचा आवाज बारीक झाला. "शर्यत संपल्यावर चालक डावीकडून उतरताना पाइपला लागून पोटरी भाजली. मलम लावलं. चालकाच्या भावाने प्लास्टरच्या हाताने मदत केली."

"चालकाच्या भावाने," आत्याने सावकाश पुन्हा म्हटलं. मग खुर्चीत बसून डावा पाय पुढे केला. पोटरीवर बोटभर लांबीचा, साठ वर्षांचा फिकट वण होता.

चिटणीस वणाकडे बघत राहिले, मग गाडीच्या डाव्या बाजूच्या पाइपकडे. जुनी पाटी त्यांनी खिशात घातली. कोरं जाड कार्ड आणलं, पेनाचं टोपण काढलं आणि आत्यासमोर अदबीने वाकले. "बाई, नाव सांगता? स्पेलिंगसकट?"

दुपारपर्यंत आत्याभोवती गर्दी जमली होती. जो तो विचारत होता आणि आत्या रंगवून सांगत होती. तिसऱ्या वळणावरचा प्रसंग दर वेळी थोडा मोठा होत होता. भाची जवळ गेली तशी तिने तिचा हात ओढून तोंड कानाशी नेलं.

"मला बोलायला साठ वर्षं लागली गं. तू किती लावणार आहेस?"

"कशाला?"

"वेड पांघरू नकोस. तो बाहेर व्हरांड्यात उभा आहे. जा."

बाहेर भुरभुर पाऊस होता. तो खांबाला टेकून उभा होता, रिकामी पेटी पायाशी.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "मध्ये बोलू नका, नाहीतर माझं राहून जाईल."

"नाही बोलत."

"चौथ्या चाकाला आठ दिवस लागायचं काही कारण नव्हतं. मी मुद्दाम लावले. कारण मला तुम्ही आवडता. नुसते आवडता असं नाही... फार. आणि तुम्ही जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पाच वर्षं थांबलात त्यासाठी. जाच. पण मी गुरुवारी रुमाल हलवत निरोपही देणार नाहीये. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी तिकडे येईन. पुढच्या महिन्यातही. आठ तास तर आठ तास. तुम्हाला नको असेल तर... तर आत्ताच सांगा."

तो बोलेना.

"आता बोललात तरी चालेल," ती म्हणाली.

तो हसला. डावा डोळा बारीक झाला, आणि या वेळी ती चिडली नाही. "सोळा आरे," तो म्हणाला. "चौथ्या चाकाचे. तू गेल्यावर मी रोज दोन ढिले करून ठेवायचो."

तिने आ वासला. चिडावं की हसावं तिला कळेना, आणि मग त्या वाक्यातला 'तू' तिला उशिराने ऐकू आला.

"येशील ना?" त्याने विचारलं.  "खरंच येशील?"

तिने त्याचा हात हातात घेतला, घट्ट.

"तू विचारलंस म्हणून नाही," ती म्हणाली. "माझं आधीच ठरलंय."