बद्रीनाथ तुमचा कोण लागतो?

दारावरची टकटक इतकी हळू होती, की उमाला आधी वाटलं शेजारची मांजर असेल. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत तिनं कडी काढली... तर बाहेर एक तरुण उभा. एका हातात हेल्मेट, खांद्याला काळी बॅग, आणि श्रावणातल्या भुरभुर पावसानं शर्टाचे दोन्ही खांदे ओले झालेले.

त्यानं टॉवेलकडं पाहिलं, घाईघाईनं नजर खाली नेली आणि विचारलं, "बद्रीनाथ बन्सी औताडे इथंच राहतात का?"

झालं. उमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आवाज छान, डोळे त्याहून छान, आणि तोंडातून निघालं ते नेमकं तेच नाव.

या नावानं तिला सात महिने छळलं होतं. वडील गेल्यावर उमा आणि तिची आई सरूबाई देवगाव रंगारीहून मुकुंदवाडीत आल्या, काकासाहेबांच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या, आणि पंधरा दिवसांत पहिलं पत्र आलं. तपकिरी पाकिटावर नाव बद्रीनाथचं, पत्ता मात्र यांचा – गल्ली नंबर तीन, घर नंबर अकरा. गाडीच्या कर्जाचे हप्ते थकलेत, कृपया भरावेत. पुढच्या पत्रातून 'कृपया' गेलं. त्याच्या पुढच्यात गाडी उचलून नेण्याची भाषा आली. उमानं दोनदा 'या नावाचे कोणी येथे राहत नाही' असं लिहून पाकिटं परत पाठवली, तरी नवी येतच राहिली. फोन केला, तर अर्धा तास बासरी ऐकवून फोन कट झाला. उमा सिडकोत एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. शेवटी तिनं प्रत्येक पत्राची झेरॉक्स काढून तारखेनुसार फाइलच लावून टाकली.

पत्रांचं एक वेळ सोसलं असतं, पण गल्लीचं काय करायचं? दोन बायकांच्या घरी दर महिन्याला एका पुरुषाच्या नावानं टपाल येतं म्हटल्यावर नळावर वच्छलाबाईंनी विचारलंच, "बद्रीनाथ तुमचा कोण लागतो?" मग किराणावाल्यानं विचारलं. मग गॅसवाल्यानं. उमा 'कोणी नाही' म्हणायची, आणि जितकं ठासून म्हणायची तितका लोकांचा संशय वाढायचा. पैठणचं एक स्थळ तर किराणा दुकानातूनच परत गेलं. त्याचं उमाला काडीचं दुःख झालं नाही. त्या मुलानं फोनवर पहिलाच प्रश्न 'स्कूटी घरून मिळेल ना?' असा विचारला होता. पण काकासाहेबांनी परवा दारात उभं राहून सांगितलं होतं, "पोळ्यापर्यंत हे लचांड मिटवा. माझ्या घरावर वसुलीवाले आलेले मला चालायचे नाय. नाय मिटलं, तर खोल्या खाली करा." खोल्या गेल्या की स्वयंपाकघर गेलं, आणि स्वयंपाकघर गेलं की सरूबाईचे डबे गेले. चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या चाळीस माणसांची जेवणं त्या दोन शेगड्यांवर होत होती. दोघींचं पोटही त्यांच्यावरच होतं.

तर असा हा बद्रीनाथ, आणि त्याला शोधत आलेला हा भिजलेला माणूस.

"थांबा," उमा म्हणाली आणि आतून फाइल आणून तिनं त्याच्या हातात आदळली.

त्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळी फाइल वाचली. "मी मुकुंद. वसुलीला असतो," हे त्यानं इतक्या ओशाळ्या आवाजात सांगितलं, की उमाला रागवायचं लक्षात ठेवावं लागलं. मग तो म्हणाला, "आमच्या ऑफिसपेक्षा तुम्हीच नीट ठेवलंय हे."

आतून सरूबाई ओरडली, "अगं, आत बोलव की. पोरगं भिजलंय लई. चहा टाकते."

"नको काकू. ज्या दारी वसुलीला येतो, तिथं मी पाणीसुद्धा घेत नाही."

ते का, हे त्यानं पुढच्या मंगळवारी सांगितलं. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला होता, कारण 'पत्ता चुकीचा' असा शेरा कंपनी मानत नव्हती. खरा पत्ता आणा, मगच हा खोडू, असं साहेबांचं म्हणणं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका म्हातारीच्या घरी तो चहा प्यायला होता. तिनं बशीत वर दोन बिस्किटंही ठेवली. मग हप्त्याचं नाव त्याच्या तोंडातून निघेना. शेवटी तिचा हप्ता त्यानंच भरला, आणि कानाला खडा लावला.

"म्हणजे चहा पाजला की तुमची वसुली संपली," उमा म्हणाली.

"संपलीच."

"आई, चहा टाक गं. आलं घालून."

तो हसला आणि दोन पायऱ्या मागं सरकून पावसात उभा राहिला. "उमा मॅडम, असं नका करू. घरी उकळलेल्या चहाचा वास आला, की मला तसंही राहवत नाही."

"मग नाक धरून उभे राहा."

तो खरंच नाक धरून उभा राहिला. दार लावताना उमा हसत होती, आणि आपण हसतोय हे कळल्यावर तिला स्वतःचाच राग आला. वसुलीवाल्याची वाट पाहणारी बाई अख्ख्या औरंगाबादेत आपण एकटीच असणार, हे तिला तिसऱ्या मंगळवारी नवा ड्रेस घालताना उमगलं.

त्या मंगळवारी सरूबाईच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तिच्या मैत्रिणीचा, मनकर्णाबाईचा, डबा जायचा राहिला होता. मुकुंद दारात होताच. उमानं सरळ डबा त्याच्या हातात दिला. "चहा नाही पीत ना? मग काम करा. गल्ली नंबर पाच, डाव्या हाताचं निळं दार."

"हे वसुलीच्या कामात बसतं का?"

"आमच्या दारी फुकट उभं राहायचं भाडं समजा."

तो गेला. पाच मिनिटांचं काम, पण अर्धा तास झाला तरी पत्ता नाही. उमा दोनदा खिडकीशी जाऊन आली. आणि मग दारावर तीच हळू टकटक झाली. दारात मुकुंद, हातात डबा तसाच, आणि चेहरा गोंधळलेला.

"कोपऱ्यावर पाटी दिसली नाही. पिंपळाखाली एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं – गल्ली नंबर पाच कुठं? त्यांनी सांगितलं तसा आलो..." त्यानं दारावरचा अकरा नंबर पाहिला, मग उमाकडं. "तर ही तुमचीच गल्ली निघाली."

उमा हसायच्या बेतात होती, पण आतून सरूबाई म्हणाली, "आगं, जुनी माणसं स्टेशनाकडून मोजतात गल्ल्या. पाट्या आत्ता लागल्या, रस्त्याकडून. मनकर्णा अजून म्हणती, मी तीन नंबरात राहती."

दोघं एकमेकांकडं पाहतच राहिले. वस्तीत एकूण सात गल्ल्या. रस्त्याकडून तिसरी, ती स्टेशनकडून पाचवी. आणि स्टेशनकडून तिसरी...

"मनकर्णाबाईंच्या गल्लीत," मुकुंद सावकाश म्हणाला, "अकरा नंबरच्या घरात कोण राहतं?"

उमानं चपला घातल्या. छत्री एकच होती. मुकुंद अर्धा बाहेर राहून चालत होता आणि त्याचा उजवा खांदा पुन्हा भिजत होता. उमानं छत्री त्याच्या बाजूला झुकवली. मग तिचा डावा खांदा भिजायला लागला. दोघांपैकी कोणी तक्रार केली नाही. डबा मात्र वाटेत निळ्या दारी पोचला.

अकरा नंबरचं दार आशाबाई नावाच्या बाईनं उघडलं. नवरा वाळूजला रात्रपाळीला असतो, सकाळच्या कंपनीच्या बसनं येऊन आत्ताच झोपलाय, म्हणाली. नवऱ्याचं नाव बद्रीनाथ. झोपेतून उठून आलेल्या त्या आडदांड माणसानं उमाची फाइल पानापानानं पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हप्ते तर पगारातून कटतात की," तो म्हणाला. "कंपनीनं आमची बँक बदलली गेल्या साली..." आणि तिथंच थांबला. हप्ता जुन्या खात्यातून जात होता, पगार नव्या खात्यात येत होता. "तरीच सात महिने पगार पुरतोय. मला वाटलं, हिनं काटकसर सुरू केली."

"मला वाटलं, तुमी तंबाखू सोडली," आशाबाई म्हणाली.

पैसे खात्यात पडून होते. गाडी उचलायची तारीख दहा दिवसांवर होती. बद्रीनाथ मटकन खाली बसला, आणि मग इतका मोठ्यानं हसला, की आशाबाईचाही जीव भांड्यात पडला. तिनं बळंबळं साखरेची वाटी फिरवली. उमानं चिमूट तोंडात टाकली. मुकुंदनं हात जोडले.

परतताना पाऊस थांबला होता, तरी छत्री उघडीच राहिली.

"उद्या फाइल बंद करतो," मुकुंद म्हणाला. "आता तुमच्या दारी यायचं कारण संपलं."

"मग आनंद व्हायला हवा तुम्हाला."

"हो... व्हायला हवा."

घर आल्यावर उमानं छत्री मिटली.

पत्रं थांबली. पोस्टमन दारावरून सरळ पुढं जायला लागला. बद्रीनाथ पलीकडच्या गल्लीतला निघाला म्हटल्यावर वच्छलाबाईंनी नळावर दुसरा विषय धरला. सरूबाई रात्री गाढ झोपू लागली. उमालाही हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोला. फक्त मंगळवार मोठा वाटला. दुसरा त्याहून मोठा वाटला. एकदा दारावर हळू आवाज झाला म्हणून ती पिठाच्या हातानं धावली, तर खरंच मांजर होती.

पोळ्याच्या दिवशी काकासाहेब आले. शिवारातले सजवलेले बैल गल्लीतून गेले होते आणि रस्ताभर झुलींचे रंगीत धागे पडले होते. काकासाहेब पायरीवर उभे राहून म्हणाले, "मुदत आज संपली. मिटलं म्हणता, पण कागद कुठंय?"

कागद नव्हता. सरूबाईचा हात पुरणपोळीवरच थांबला. तोंडी मिटलेलं काकासाहेब मानणारे नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"इथं आहे," मागून आवाज आला.

मुकुंद. हेल्मेट होतं, बॅग नव्हती. इस्त्रीचा शर्ट, आणि या वेळी खांदे कोरडे. त्यानं एक पाकीट काकासाहेबांच्या हातात दिलं – तेच तपकिरी पाकीट, पण नाव होतं उमाचं. हा पत्ता आमच्या नोंदीतून काढला आहे, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. खाली सही, शिक्का. "साहेबांच्या सहीसाठी पंधरा दिवस त्यांच्या टेबलाशी बसून होतो," तो उमाकडं पाहत म्हणाला. "सही झाल्याशिवाय यायचं कोणत्या तोंडानं?"

काकासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. "र्‍हावा मग," ते म्हणाले. सरूबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि पोळी तव्यावर करपली तरी कोणाला पर्वा नव्हती.

मुकुंद अजून उंबऱ्याबाहेरच होता. त्यानं एकदा घसा साफ केला. "काकू... चहा मिळेल का?"

उमा बाजूला झाली, आणि तो पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आला.

काकासाहेबांच्या भुवया वर गेल्या. कागदाचं समाधान झालं होतं, पण हा प्रकार नवीन होता. "ते बद्रीनाथचं झालं," ते म्हणाले. "हे कोण लागतात तुमचे?"

सात महिने या प्रश्नाला उमाकडं एकच उत्तर होतं. तिनं मुकुंदकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"अजून कोणी नाही," उमा म्हणाली. "आधी चहा तर पिऊ द्या, काकासाहेब."

सरूबाईनं कप आणला. मुकुंदनं घाईनं घोट घेतला, जीभ भाजली, तरी कप खाली ठेवला नाही. "मला तुम्ही आवडता, उमा," तो हळूच म्हणाला. "फाइल आदळलीत ना, तेव्हापासून."

"कळलंय. सावकाश प्या."

काकासाहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, पायरीवर बैठक मारली आणि आत वळून म्हणाले, "सरूबाई, मलाबी टाका अर्धा कप."