ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता

स्कॉटलंडच्या पाइनच्या जंगलात बर्फ भुरभुरत होतं, आणि निवेदिताला आत्ताच कळलं होतं की कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजवरची ही मुक्कामाची सहल एका अनोळखी माणसाबरोबर करायची आहे. बरोबर येणारी मैत्रीण तनू लंडनला हाउन्सलोच्या घरी तापाने फणफणली होती. एकटे आलेले दोघेच उरले – मूळची पुण्याची, आता लंडनजवळच्या मेडनहेडला राहणारी निवेदिता, आणि नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा प्रज्ञेश. आयला नावाच्या गाइडने दोघांना एकाच स्लेजवर बसवलं.

"मराठी ना?" त्याने विचारलं.

"कशावरून?"

"मघाशी त्या कुत्रीला 'अगं बाई, किती थंड नाक' म्हणालात."

निवेदिताने मफलर नाकापर्यंत ओढला. हसू लपवायला तो बरा होता.

आयलाने एक नियम तीनदा सांगितला. चालवणारा बदलताना नव्या माणसाने आधी ब्रेकवर पाय रोवायचा, मगच जुन्याने उतरायचं. कुत्र्यांना उभं राहणं आवडत नाही. ब्रेक सुटला की ती निघालीच.

पहिला तासभर प्रज्ञेश मागे उभा राहून चालवत होता. निवेदिता पुढे घोंगडीत बसली होती, आणि दर वळणाला काहीतरी निमित्त काढून मागे बघत होती. चढावर स्लेज थांबली. ती उतरून त्याच्याशेजारी आली.

"या, आता तुम्ही चालवा," तो म्हणाला.

"राहू द्या. तुम्हाला जमलंय छान."

"नाही नाही, तुमची पाळी."

"अहो, खरंच. तुम्हीच चालवा."

"पुण्याच्या असून इतका आग्रह?" म्हणत प्रज्ञेश तिला जागा करून द्यायला खाली उतरला... आणि त्याला जागा द्यायला ती एक पाऊल मागे सरली.

सहा कुत्री, रिकामी स्लेज आणि वर उडालेलं बर्फ. क्षणात सगळं झाडांआड.

निवेदिताने खिशातून फोन काढला. आयलाची स्लेज केव्हाच पुढे गेली होती. फोनला सिग्नल नव्हता. पुढे वाट दुभंगत होती – डावीकडे मुक्कामाची झोपडी, उजवीकडे ट्रकची वर्दळ असलेला हमरस्ता.

"ती उजवीकडे वळली असतील तर..." निवेदिता म्हणाली.

"चला," तो म्हणाला. "खुणा बुजायच्या आत."

गुडघाभर बर्फातून दोघं निघाली.

"मला रडू आलं तर बघू नका."

"नाही बघत. हात देऊ?"

तिने धरला. "निसरडं आहे म्हणून."

"म्हणूनच." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "चालवायला का नको म्हणत होतात?"

"चालवताना तुम्ही सारखे हसत होतात. मी चालवलं असतं तर... दिसला नसतात."

तो तिच्याकडे वळला. "आणि मला तासभर फक्त तुमची टोपी दिसत होती. म्हणून उतरलो."

तिने त्याचा हात सोडला नाही. समोर तो फाटा आला. निवेदिताने डोळे मिटून घेतले.

"बघ," प्रज्ञेश हळूच म्हणाला. "डावीकडे."

खुणा डावीकडे गेल्या होत्या; उजवीकडचं बर्फ कोरं होतं. दोघं धावतच झोपडीपाशी पोचली. आयलाच्या कुत्र्यांमागोमाग त्यांची सहाही येऊन उभी होती, जिभा बाहेर, शेपट्या हलत. निवेदिता बर्फात बसली आणि पुढच्या कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून मनसोक्त रडली.

आयला मात्र हसली नाही. "कुणाची चूक?"

"माझी," प्रज्ञेश म्हणाला.

"आमची," निवेदिताने डोळे पुसत सांगितलं.

"उद्या दोघं वेगवेगळ्या स्लेजवर. कुत्र्यांचा जीव खेळ नाही."

निवेदिताने मान हलवली. तिला ते पटलं होतं. आयला कुत्र्यांना खायला घालायला गेली, तशी ती प्रज्ञेशकडे वळली. आज एकदा सगळं हातचं जाता जाता परत मिळालं होतं; आता थांबायचं नव्हतं.

"उद्याचं ठीक आहे. पुढच्या शनिवारी काय करतोयस?"

"काही नाही. का?"

"मेडनहेडहून नॉटिंगहॅमला थेट ट्रेन आहे?"

"नाही. लंडनला बदलावी लागते."

"बदलेन," ती म्हणाली.