एक दिवस मालकिणीशिवाय

लुंबिनीच्या दोन बुबुळांमधलं अंतर एकसष्ट मिलिमीटर. विनोदनं कागदावर लिहिलं, चौसष्ट.

"पुन्हा चुकलं," ती म्हणाली. "आठवड्यात तीस पोरांचं मोजलंत, एकाचंही चुकलं नाही. माझंच कसं चुकतं?"

"त्यांच्या डोळ्यात बघताना काई होत न्हाई, मॅडम…" तिच्या नाकावरची मोजपट्टी काढत तो पुटपुटला.

लुंबिनीनं घाईघाईनं फ्रेमा पुसायला घेतल्या. पुसलेल्याच फ्रेमा!

नांदेडच्या भाग्यनगरात, क्लासेसच्या गल्लीत, वडिलांच्या मागे हे चष्म्याचं दुकान ती एकटी चालवत होती. मागच्या उन्हाळ्यात उमरीचा विनोद चष्म्याची तुटलेली दांडी घेऊन आत शिरला. ती जोडून होईपर्यंत काचा घासायचं यंत्र न्याहाळत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला… काहीही तुटलेलं नसताना. महिन्याभरात तो कामालाच लागला.

हैदराबादला नेत्रतपासणीच्या पदवीला मिळालेली जागा तिनं गेल्या वर्षी सोडली होती. दुकान कोण बघणार? यंदा ती पुन्हा मिळाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. काचा घासणं, बसवणं, माल मागवणं, सगळं विनोदला येत होतं. तरी रोज संध्याकाळी तिला काहीतरी शिकवायचं राहिलेलं आठवायचंच.

"तुमचं शिकवणं काई संपत न्हाई," विनोद म्हणाला. "उद्या दुकानात येऊच नका. फोन पण करू नका. बघा तरी!"

दुसऱ्या दिवशी ती जिल्ह्यातल्याच हिमायतनगरला मावशीकडे गेली. दिवसभरात पाचदा फोन हातात घेतला, पाचदा ठेवला. पाच वाजता परतली, तेव्हा दारातच थबकली.

स्टुलावर एक मुलगी मांडीवरच्या पुस्तकात मान घालून बसली होती. विनोद गुडघे टेकून खालून बघत होता. चष्मा नाकावरून घसरला. त्यानं दांडी गरम केली, कानामागे जराशी वाकवली, पुन्हा घातली. आता चष्मा हलला नाही. मुलगी खूश होऊन क्लासला पळाली.

"हे मी शिकवलं नव्हतं," लुंबिनी म्हणाली. "मी तर समोर बघायला सांगते."

"हाव. पण ही पोरं दिवसभर खाली मान घालूनच वाचतात ना…"

ती स्टुलावर बसली आणि हसायलाच लागली. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचललं होतं. थोडं टोचलंही, पण हसू थांबेना.

"म्हणजे मी नसले तरी चालतं की!"

"दुकान चालतं," विनोद हळूच म्हणाला. "माझं न्हाई चालत."

बाहेर एक ऑटो ठणाणा हॉर्न वाजवत गेला. तिचं हसू थांबलं.

"मग जाऊ नका म्हणा."

"न्हाई म्हणणार. डोळ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तुम्ही किती येळ वाचत बसता, ते रोज बघून राहिलो मी."

"चार वर्षं आहेत, विनोद."

"असू द्या. तवर गल्लीतल्या निम्म्या पोरांना चष्मे लागतील. मला लई काम हाय."

लुंबिनीनं ओढणी सारखी केली. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं वाक्य तिनं एकदा नीट जुळवलं – आणि मग स्पष्ट, मोठ्यानं म्हटलं,

"सोमवारी मी हैदराबादला जाणार. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आईला घेऊन उमरीला येणार… तुमच्या घरी, आपल्या लग्नाचं बोलायला."