डावीकडचा बेल्ट

गाडी छान आहे रे तुझी. नाही म्हणत नाही. पण आत्ता परत चक्कर मारायला निघू नकोस, तुझी आई नुकती झोपलीय. बोनेट निवू दे. बसा सगळे इथे पायरीवर. एक सांगतो, मग उद्या खुशाल कुठे जायचं तिथे जा.

ऐकीव नाही हे. ज्याच्याबाबतीत झालं तो आपल्या गल्लीच्या टोकाला राहतो. तुम्ही सगळ्यांनी त्याच्याकडून डोळे तपासून घेतलेत.

"चष्मेवाले काका? ती लाल गाडी त्यांचीच ना?"

हो, तीच. पन्नाशी उलटेपर्यंत त्याने एकच गाडी चालवली. पांढरी, लांबट. तिचं स्टिअरिंग फिरवलं की ती आधी विचार करायची आणि मग वळायची. मुलगी शिकायला लांब गेली, घर रिकामं झालं, आणि एका रविवारी हा बाबा ही लाल बुटकी घेऊन दारात उभा. दोन दारं. पुढून बघितलं तर चिडलेल्या मांजरासारखी. वहिनी बाहेर आल्या, गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "बाकीची दारं नंतर देणार आहेत का?"

वहिनींना ती अजूनही आवडलेली नाही. "यात मी बसतेय की उतरतेय तेच कळत नाही, दोन्ही वेळा कुणीतरी हात द्यावा लागतो," म्हणायच्या. डिकीत भाजीच्या दोन पिशव्या मावायच्या, तिसरी मांडीवर. सकाळी सुरू केली की समोरच्यांचं कुत्रं दचकून उठायचं. आणि कडक अशी की बोलू नका. हा स्वतःच सांगायचा, "रस्त्यात नाणं पडलेलं असलं ना, तर छापा आहे की काटा, ते कंबर सांगते."

पण काय खूश होता! दुकानात गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर भिंगं बदलता बदलता गाडीबद्दल बोलायचा. "हे बरं दिसतं की हे? आणि तिसऱ्या गिअरला तिचा आवाज ऐकलाय का तुम्ही?" मला एकदा म्हणाला, "जुन्या गाडीत मी नुसता बसायचो. ही मी अंगात घालतो. उजवं चाक खडीवर गेलं की उजव्या तळहाताला कळतं. शेजारी कुणी बसलं तर न बघता सांगेन, जाड आहे की बारीक."

हे वाक्य त्याने हसत हसत म्हटलं होतं.

तर दर बुधवारी तो शेजारच्या गावातल्या दुकानात बसायचा. परत यायला दोन रस्ते. एक मोठा, सरळ, दिव्यांचा. दुसरा तलावाला वळसा घालून येणारा. लांबचा, पण नुसती वळणं. गाडी घेतल्यापासून तो तलावाच्या रस्त्याने यायला लागला. वहिनींना सांगायचा, मोठ्या रस्त्याला फार गर्दी असते. वहिनींना सगळं कळायचं.

तलावाची भिंत जिथे संपते तिथे एक वळण आहे. दुसऱ्या गिअरवर यावंच लागतं इतकं आवळ. तिथून पुढे झाडी, मग सरळ पट्टा, आणि गावात शिरताना पहिलं लागतं ते हॉस्पिटलचं गेट.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. दुकान बंद केलं, कापून आलेल्या भिंगांचा खोका डिकीत ठेवला आणि निघाला. वळणावर गाडी हळू केली, आणि समोर लाल दिवा लागला. डावीकडच्या सीटचा. टिंग, टिंग, टिंग. शेजारच्याने बेल्ट लावलेला नाही.

शेजारी कुणी नव्हतं. पिशवी नाही, डबा नाही, काही नाही.

टिंगटिंग चालू राहिली. हॉस्पिटलच्या गेटापाशी गतिरोधक आहे, तिथे गाडी जवळजवळ थांबली... आणि आवाज बंद.

गॅरेजवाला म्हणाला, "सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते, ती बिघडलीय." बदलली. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. वळणावर सुरू, गेटापाशी बंद. गॅरेजवाल्याने दुपारी गाडी त्याच रस्त्यावर फिरवून आणली, तर गाडी मुकी. दुसऱ्या कुठल्याच रस्त्यावर काही नाही. फक्त तिथे. फक्त अंधार पडल्यावर.

तेव्हा तो माझ्याकडे आला होता. इथेच बसला होता, तू बसलायस ना, तिथे. म्हणाला, "वायरीचा दोष असता तर मी सोडून दिलं असतं. पण वळणानंतर गाडी डावीकडे दबते रे. अगदी जराशी. जुन्या गाडीत मला कळलंही नसतं. ही सगळं सांगते."

"मग मोठ्या रस्त्याने ये," मी म्हटलं.

"तो रस्ता सोडायचा तर ही गाडी घेतली कशाला?"

झालं. हट्टी माणूस. शेवटी गॅरेजवाल्यानेच तोडगा सुचवला. "साहेब, सीटवर कुणी नसताना बेल्ट खाचेत अडकवून ठेवा. वाजायचंच बंद होईल. कितीतरी लोक तसंच करतात."

डिसेंबरातला दुसरा बुधवार. मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी माझा चष्मा तयार होणार होता आणि तो घेऊन येणार होता. साडेसातला दुकान बंद केलं. आकाश स्वच्छ होतं, अर्धा चंद्र होता, थंडी होती. त्याने डावीकडचा बेल्ट ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खाचेत अडकवला. खट्. वहिनींना फोन केला, "निघालो. पोळ्या टाकायला घे."

तलावाची भिंत आली. वळण आलं. दुसरा गिअर.

काही वाजलं नाही.

तो हसला म्हणे. एकटाच. एवढ्याशा उपायासाठी महिनाभर डोकं शिणवलं म्हणून.

मग गाडी डावीकडे दबली.

त्याने लक्ष दिलं नाही. म्हणजे, द्यायचं नाही असं ठरवलं. झाडी गेली. सरळ पट्टा गेला. त्याने चौथा गिअरसुद्धा टाकला. समोर हॉस्पिटलचे दिवे. गेट. गतिरोधक. गाडी हळू केली...

कट्.

बेल्टचा आवाज. आपण एकदम पुढे झुकलो की बेल्ट अडतो ना, तसा.

कट्. कट्.

त्याने ब्रेक मारला आणि डावीकडे बघितलं.

रिकाम्या सीटवरचा बेल्ट पाठीला चिकटून असायला हवा. तो चिकटलेला नव्हता. पुढे आला होता, ताणलेला. बेल्ट आणि सीट यांच्यामध्ये जागा होती. कुणीतरी मावेल एवढी. आणि त्या जागेत काही नव्हतं.

तो पट्टा गेटाच्या दिशेने हिसके देत होता.

"काका..."

थांब. मधे बोलू नकोस.

त्याने हात घातला, खाचेचं लाल बटण दाबलं. दबेना. आपण बेल्ट ताणून धरला की बटण घट्ट होतं, माहितीय ना? तसं. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. आणि मग तो बोलला. काय बोलला, सांगू? तीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलायची सवय. म्हणाला, "अहो... जरा मागे रेला. ताणू नका. मागे रेलात की लगेच सुटेल."

हिसका आणखी जोरात आला.

तो उतरला. पलीकडून जाऊन डावं दार उघडलं. खिशात फ्रेमचे स्क्रू आवळायचा बारीक पेचकस होता, तो खाचेत घातला. निसटला, स्वतःच्याच हातात घुसला. गेटावरचा वॉचमन धावत आला. "काय झालं साहेब? पेशंट आहे का?"

"बेल्ट सुटत नाही."

वॉचमन चांगला धट्टाकट्टा. त्याने वाकून बघितलं. ताणलेला बेल्ट बघितला, रिकामी सीट बघितली. तरी माणूस धीराचा. "तुम्ही बटण दाबा," म्हणाला, "मी पट्टा मागे रेटतो." आणि बेल्टच्या आतल्या जागेत तळहात घालून त्याने मागे रेटलं.

आणि हात काढून घेतला. तापलेल्या तव्याला लागावा तसा.

स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला.

"काय झालं? अहो, काय लागलं हाताला?"

वॉचमन म्हणाला, "माझी ड्युटी गेटवर आहे, साहेब."

आणि गेला. खुर्चीवर जाऊन बसला. गाडीकडे पाठ करून.

आता हिसके जरा थांबून थांबून यायला लागले.

कट्.

... कट्.

चष्मेवाला म्हणतो, मला तेव्हा भीती नव्हती रे वाटत. भीती आधी वाटली. आता वाटत होतं, याला उशीर होतोय. दिवे समोर आहेत, दार समोर आहे, मी इथे उभा आहे, आणि मीच बांधून ठेवलंय.

... कट्.

तो पळाला. आत, अपघात विभागात. टेबलापाशी एक नर्स होती. "कात्री द्या!"

"कशाला?"

"बेल्ट कापायचाय. गाडीचा."

"आत कुणी अडकलंय का?"



"हो," म्हणाला. "लवकर चला."

बिचारी कात्री घेऊन त्याच्या पुढे धावली. दोघं गेटापाशी आले. गाडी सुरूच होती, डावं दार उघडं, आतला दिवा लागलेला.

बेल्ट सीटच्या पाठीला चिकटून होता. सपाट.

नर्सने आत बघितलं. सीटच्या मागे बघितलं. मग याच्याकडे. हातातून रक्त गळतंय, श्वास लागलाय.

"कुठंय पेशंट?"

त्याने डाव्या सीटकडे बोट दाखवलं.

तिने वाकून बटणाला नुसतं बोट लावलं. खट्. बेल्ट सुटला आणि सर्रकन आपल्या जागी गेला. नर्स म्हणाली, "तुम्ही आत चला, हाताला पट्टी करते." चांगली बाई. काहीच विचारलं नाही तिने. हा पट्टी करून घेताना लहान मुलासारखा रडला म्हणे.

माझा चष्मा द्यायचा राहूनच गेला त्या दिवशी.

पुढे? पुढे काय, आवाज बंद झाला. कायमचा. गॅरेजवाला खूश, वहिनी खूश. वहिनी म्हणाल्या, "चला, पीडा टळली." हा ताटावरून उठून गेला.

दर बुधवारी अजून तो त्याच रस्त्याने येतो. आता वळणांसाठी नाही. तलावाची भिंत संपली की गाडी थांबवतो. डावीकडचं दार उघडून देतो. बेल्ट मोकळा. थांबतो थोडा वेळ. मग दार लावून पुन्हा निघतो. दिवा लागत नाही. गाडी डावीकडे दबत नाही. मी एकदा म्हटलं, "अरे, विकून टाक ना ती. डोक्याला ताप कशाला?" तर म्हणाला, "आणि पुन्हा कधी कुणी बसायला आलं तर?"

मी त्या वळणाची चौकशी केली. तिथे राहणाऱ्यांना विचारलं, हॉस्पिटलातल्या जुन्या माणसांना विचारलं. कुणाला काही माहीत नाही. सांगायचं नसेल कदाचित. त्या वॉचमनने नोकरी सोडली म्हणतात. कुठे गेला, ठाऊक नाही.

इतकंच असतं तर मीही म्हटलं असतं, दमला होता, भास झाला. वॉचमनचं काय, तोही घाबरला असेल. माणसं एकमेकांना घाबरवतात.

पण मागच्या महिन्यात वहिनींनी मला हाक मारली. गाडी अंगणात होती, त्या सीटांवर ब्रश मारत होत्या. म्हणाल्या, "भावजी, हे जरा बघा. ह्यांना नका सांगू."

डावी सीट. बसायच्या गादीची पुढची कड असते ना, गुडघ्यांच्या मागे येते ती. तिथे कापड झिजलं होतं. दोन ठिकाणी, शेजारी शेजारी. कापड फाटून आतला स्पंज दिसत होता. कुणीतरी टाचा आपटून आपटून जीव खाऊन जोर लावावा, तसं.

"तुमचेच पाय लागले असतील," मी म्हटलं.

वहिनी दार उघडून बाजूला झाल्या.

मी बसून बघितलं. टाच त्या खुणेला लावायचा प्रयत्न केला. लागेना. माझे पाय तर सरळ खाली पोचतात. वहिनी बसल्या. त्यांचेही पोचले.

तिथे टाच यायची, तर पाय अधांतरी लोंबायला हवेत.

मी त्या खुणेवर बोट ठेवून बघितलं.

एकेक खूण... एवढीशी होती.