दलदलीतून आणलेली पोर

वॉटरफर्डहून न्यूफाउंडलंडला आलेल्या आयरिश कोळ्यांनी सोबत बटाटे आणले, जपमाळा आणल्या आणि दलदलीत राहणारी ती 'भली मंडळी', म्हणजे माणसं पळवणाऱ्या पऱ्याही आणल्या. तिचं तिकीट कुणी काढलं होतं, देव जाणे! रानात फळं वेचायला जाताना वस्तीतले लोक खिशात पावाचा तुकडा ठेवत. पाव असला की भली मंडळी वाट चुकवत नाही. नसला, तर माणूस ठेवून घेते आणि त्याच्या हुबेहूब रूपात आपल्यातलंच कुणी घरी धाडते.

त्या दुपारी कॉड मासळी वाळत घालून ऑनोरा करीन घरात आली, तर पाव फडताळात तसाच. तिची लेक ब्राइड रिकाम्या खिशानं फळं वेचायला गेली होती, आणि समुद्रावरून धुकं चढत होतं.

"थांब गं, चार माणसं जमवू," शेजारचे मोगकाका म्हणाले.

"तुमची माणसं जमेपर्यंत पोरगी म्हातारी होईल, काका! एकुलती एक आहे माझी. नेऊन तर दाखवा म्हणावं त्या मंडळीला!"

पाव उचलून ती निघाली.

धुक्याला कुजक्या शेवाळाचा वास होता. जमीन पावलाखाली दबायची, पाऊल उचललं की सुस्कारा सोडायची. हाका मारून मारून घसा बसला, तेव्हा एका डबक्याकाठी ब्राइड दिसली. ओठ निळे, टोपली रिकामी. ऑनोरानं होता तो पाव तिच्या खिशात कोंबला, मनगट धरलं आणि धुक्याला दोन शिव्या हासडून घर गाठलं.

घरात चुलीपाशी ब्राइड बसली होती. फळं निवडत.

"आई, होतीस कुठं इतका वेळ?"

मागोमाग दारात आलेल्या मोगकाकांनी छातीवर क्रुसाची खूण केली. "यातली एक त्यांची. ओळख आणि बाहेर काढ."

ऑनोरानं पाहिलं. दोघींच्या हनुवटीवर तोच तीळ, कोपरावर तीच भाजल्याची खूण.

"नाही काढत."

"अगं, मागायला येतील ते!"

"येऊ देत. एक आणायला गेले, दोन मिळाल्या. परत करायची आमच्यात रीत नाही. भ्यायला झालं असेल तर घरी जा, काका."

काका खरंच गेले. ऑनोरानं दोन ताटल्यांत रस्सा वाढला. दोघींचे चमचे एकदमच उचलले जात होते.

बाहेरून हाक आली.

बाईचा आवाज. ओरडून ओरडून बसलेला.

"ब्राइड! दार उघड गं, मी आले."

आवाज ऑनोराचा होता.

दोघींनी दाराकडे पाहिलं. मग ऑनोराकडे. आणि हळूच एकमेकींना बिलगल्या.

ऑनोरा उठली, तिनं दाराला अडसर घातला.

"जेवा," ती म्हणाली, "रस्सा निवतोय."