बाजारातला कोहळा

पंच्याऐंशी सालची गोष्ट. शिमग्याआधीच्या अमावास्येला, दुपारी चार वाजता, जयवंत दहिसर स्टेशनजवळच्या बाजारात कोहळा घ्यायला गेला. चांगला जड, देठासकट कोहळा निवडून त्याने खांद्यावर टाकला आणि नदीच्या वाटेने चाळीकडे निघाला. खांद्यावर वजन होतं, पण जीव हलका झाला होता. लेकीला, मीराला दिलेला शब्द आता पाळता येणार होता.

चाळ सगळी कोकणातल्या माणसांची. मागच्या अंगणात जुनी विहीर. नळ आले तसं तिच्यावर सिमेंटचं झाकण बसलं, पण विहिरीच्या राखणदाराला, तिथल्या देवाला, दरवर्षी कोंबडा द्यायची रीत काही सुटली नाही. ज्या घराची पाळी, त्या घराने तीन महिने कोंबडा पाळायचा आणि घरातल्या सर्वांत धाकट्याने त्याला आपल्या हाताने तांदूळ भरवायचे. यंदा पाळी जयवंतची, आणि हात आठ वर्षांच्या मीराचा. तिने कोंबड्याला 'शिपाई' नाव ठेवलं आणि रोज झोपताना विचारू लागली, "बाबा, शिपायाला कापणार नाही ना?" शेवटी त्या दिवशी सकाळी जयवंतने शिपायाला होडीतून गोराईला मित्राकडे पोचवून टाकलं.

तिन्हीसांजेला वीसएक माणसं विहिरीभोवती जमली. उदबत्तीचा वास, आणि त्याच्याखालून झाकणाच्या फटीतून येणारा शेवाळाचा कुबट वास.

"ह्यां काय, जयवंता?" म्हाताऱ्या धाकूमामांनी विचारलं. सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा.

"देवाला कोहळा चालतो, मामा."

"चलता. पण ह्यो बाजारातलो. राखणदाराक घरातलां व्हयां. घरात वाढलेलां."

"पुढल्या पाळीला दुधी आण, यार," शेजारचा शिवदास म्हणाला. "कोंबड्याचा मसाला तरी वाचेल!"

कोणी हसलं नाही. मामांनी गाऱ्हाणं घातलं, कोहळ्यावर पाणी शिंपडलं, तांदूळ टाकले आणि हात जोडून उभे राहिले.

"आता काय?" जयवंतने विचारलं.

"अंग झाडूक व्हयां."

रीतच तशी होती. पाणी पडलं की कोंबडा अंग झाडतो. झाडलं म्हणजे राखणदाराला पसंत. मग सगळ्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं आणि मग कोयता चालवायचा. त्याआधी नाही.

"मामा, कोहळा कसा अंग झाडेल?"

"थांबाक व्हयां."

आणि सगळे थांबले. पाच मिनिटं. पंधरा. घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बँकेत नोकरी करणारा, रोज इंग्रजी पेपर वाचणारा अनंतसुद्धा हात जोडून कोहळ्याकडे टक लावून उभा! जयवंतने त्याचा दंड धरून हलवला. "अरे, तू तरी बोल ना!" अनंतने नजर हलवली नाही. अर्धा तास झाला. अंधार दाटला. हसावं की डोकं आपटावं, जयवंतला कळेना.

शेवटी त्याने मामांच्या पायाशी ठेवलेला कोयता उचलला आणि घाव घातला. कोहळ्याची दोन भकलं झाली. आत पांढराफटक गर.

"झालं! आता म्हणा! म्हणा ना, व्हय म्हाराजा!"

कुणी तोंड उघडलं नाही. एकेक जण पाठ फिरवून घरात गेला, कड्या लागल्या. शेवटी मामा वळले.

"तुझ्या घरचां अजून येवचां आसा," ते हळूच म्हणाले आणि गेले.

चडफडत जयवंत पहिल्या मजल्यावर आला. दारात त्याची बायको जानकी उभी होती, चेहरा उतरलेला.

"तुम्ही मीराला खाली नेलं होतं?"

"नाही. का?"

"इथेच बसलीय, अर्ध्या तासापासून. केस बघा तिचे... मी आंघोळ घातली नाही हो. नळ तर दुपारीच गेला."

मीरा उंबरठ्याच्या आत उकिडवी बसली होती. केसांतून पाणी निथळत होतं, त्याला शेवाळाचा वास होता. भांगात तांदळाचे दाणे चिकटले होते.

"मीरा... बाळा?"

तिने मान वाकडी करून एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. मग डोक्यापासून पायापर्यंत, सगळं अंग झाडलं. थेंब जयवंतच्या तोंडावर उडाले.

आणि खालून, रिकाम्या अंगणातून, झाकणाच्या आतून, वीसएक माणसांचा एक सूर आला...

"व्हय म्हाराजा."