सात नंबरचा कॅन

तिने दार ढकलायला आणि त्याने पलीकडून आत यायला एकच गाठ पडली. त्याच्या हातातलं खोकं निसटलं आणि लिंबाच्या वासाच्या स्प्रेचे बारा कॅन कॉरिडॉरभर गडगडत गेले. एक थेट तिच्या बुटाशी येऊन थांबला.

“पडलेले नमुने मी तपासायला घेत नाही,” ती म्हणाली.

गुडघ्यांवर बसून कॅन गोळा करणाऱ्या त्या तरुणाने वर पाहिलं. “पडले म्हणून तर घ्या, मॅडम. पडूनही गळले नाहीत, म्हणजे माझं अर्धं काम झालं.”

उत्तर झकास होतं. म्हणूनच तिला ते आवडलं नाही.

मागच्या वर्षी अशाच एका गोडबोल्यावर विसंबून तिने माल पास केल्याची सही केली होती आणि महिनाभरात गोदामातले निम्मे स्प्रे फुसके निघाले होते. साहेब फारसं बोलले नाहीत. “पुन्हा असं नको,” एवढंच म्हणाले, पण त्यात सगळं आलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; ती तर आता साधं पाणीही फुंकून पीत होती. प्रयोगशाळेत तिला फौजदारबाई म्हणत, ते उगाच नाही.

त्याचा माल नव्या धर्तीचा होता. कॅन, बटण, आतला व्हॉल्व्ह, सगळं एकाच जातीच्या प्लास्टिकचं. वापरून झालं की काही सुटं न करता अख्खं वितळवायचं आणि पुन्हा घडवायचं. त्यासाठी व्हॉल्व्हमधली धातूची स्प्रिंग काढून त्याच्या कंपनीने प्लास्टिकची बसवली होती. प्रयोगशाळेने त्याचं नाव लगेच स्प्रिंगवाला ठेवलं.

“प्लास्टिकची स्प्रिंग चार दिवसांत ढिली पडते,” तिने ऐकवलं.

“सहा आठवडे ठेवून बघा ना.”

तशी रीतच होती. कॅन गरम खोलीत ठेवायचे आणि दर गुरुवारी पुरवठादारासमोर वजन करायचं. घट दिसली की गळती. तो गरम खोलीतून एकेक कॅन आणून तिच्या हातात देई, ती काट्यावर ठेवी.

“तुम्ही आकड्यांवर तरी विश्वास ठेवता का?” एकदा त्याने विचारलं.

“दोनदा मोजल्यावर.”

“आणि माणसांवर?”

“माणसांना काट्यावर ठेवता येत नाही,” ती म्हणाली आणि... आपण हसतोय हे लक्षात येताच तिने पुढचा कॅन मागितला.

तिसऱ्या गुरुवारी सात नंबरचा कॅन अर्ध्या ग्रॅमने उतरला. बाकी अकरा जागच्या जागी. नियमाप्रमाणे चाचणी दोन आठवड्यांनी लांबली. तिने तसं सांगितलं आणि त्याचा चेहरा शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा खुलला. ज्याचा माल अडकला, तो हसतो कसा? पाणी कुठंतरी मुरत होतं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा सात नंबरच उतरला. मग तिने एक युक्ती केली. बाराही कॅनच्या बटणांवर, मानेच्या सांध्याशी, पारदर्शक नेलपॉलिशचा एकेक थेंब लावून ठेवला. बटण दाबलं की थेंब तडकणार.

आठवड्याने त्याने सातवा कॅन पुढे केला. थेंब तडकला होता आणि त्याच्या बाहीला लिंबाचा ताजा वास येत होता.

“स्वतःचाच माल गळका दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतेय,” ती हळूच म्हणाली. “का?”

“चाचणी संपली की माझं इथलं काम संपतं. आणि सातवा कॅन हातात आला की वाटायचं — आता पाचच उरले.”

कॅन काट्यावर ठेवायचं ती विसरली. पण लगेच आतला फौजदार जागा झाला. “हे सही मिळवण्यासाठी बोलताय?”

“सही करूच नका. खरं तेच लिहा.” त्याने तिचं पेन घेतलं आणि अहवालावर लिहिलं: सात नंबरचा कॅन मी दाबला. तिन्ही वेळा. खाली स्वतःची सही केली.

ती चाचणी रद्द झाली. नवे कॅन आले, पण ते घेऊन दुसराच कुणी आला. स्प्रिंगवाल्याला कंपनीने साच्यांच्या कामावर बसवलं होतं. नवा माणूस कॅन मुकाट्याने देई. सहा गुरुवार एकही कॅन उतरला नाही. स्प्रिंग ढिली पडली नाही आणि तिने निर्धास्तपणे सही केली. मात्र सातवा कॅन हातात आला की दर वेळी तिला रडू यायचं.

पुढच्या गुरुवारी गेटवरून वॉचमनकाकांचा फोन आला. “फौजदारबाई, तुमचा स्प्रिंगवाला आलाय. रजिस्टरात कामाच्या रकान्यात ‘खासगी’ लिहितोय. सोडू का?”

“मी येते खाली.”

तो गेटशी रिकाम्या हातांनी उभा होता. तिने आधी रजिस्टर वाचलं, मग त्याची बाही धरून वास घेतला. नुसता साबणाचा.

“आता काय तपासताय?”

“सहा आठवडे लागतील,” ती म्हणाली. बाही अजून तिच्या हातातच होती. “दर गुरुवारी यायचं. आणि लांबवायचं झालं तर मी लांबवीन. तुम्ही काही दाबायचं नाही.”